गादी काढल्यानंतरचं दुकान

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आतापर्यंत जे काही लिहिलं ते परीक्षेत, तेही प्रश्न विचारला म्हणून. इथे मला कोणी काही विचारलेलं नाही. तरी लिहितो आहे, कारण बाबांच्या दुकानाचं मी जे करून ठेवलं ते डोक्यातून जात नाही, आणि घरात त्याबद्दल मला कोणी बोलत नाही. चार शब्द बोलले असते तर कदाचित लिहावं लागलं नसतं.

आमचं कापडाचं दुकान साकोलीत आहे, हायवेपासून एक गल्ली आत. बाबा मूळचे करडीचे. तरुणपणी ते सायकलच्या मागे कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करायचे. मग साकोलीत हा गाळा घेतला, दहा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब. त्यातले पुढचे पंधरा फूट म्हणजे नुसती गादी. जाड गादी, वर पांढरी चादर, भिंतीला दोन लोड. गिऱ्हाईक चप्पल काढून गादीवर बसायचं, बाबा समोर एक पाय दुमडून बसायचे आणि बसल्या जागेवरून मागच्या फळीतली साडी ओढून एका झटक्यात अशी उलगडायचे की पदर बरोबर बाईच्या पुढ्यात पडायचा. एक साडी न्यायला आलेली बाई तीन घेऊन जायची. बाबा घ्या म्हणत नसत. बाईच जाता जाता ढिगातली एखादी ओढून काढायची अन म्हणायची, "हे बी राहू द्या."

खरं काम बस्त्याचं. लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एकत्र येऊन लग्नाचं सगळं कापड घेतात ते. बारा-पंधरा माणसं यायची, अख्खा दिवस बसायची. लेकरं गादीच्या कोपऱ्यात झोपायची. डबे सुटायचे, चहा दोनदा यायचा. साड्यांचा ढीग मधोमध आणि नव्या सोयऱ्यांची पहिली ओळख त्या ढिगाभोवती व्हायची. मुलाची आई एखादी साडी नुसती बोटाने बाजूला सरकवायची आणि मुलीच्या आईला कळायचं.

बाबांच्या मनात एक बस्ता अनेक वर्षांपासून होता. माझ्या आत्याच्या मुलीचा. आत्या त्यांची एकुलती बहीण, करडीलाच दिलेली. भाची जन्मली तेव्हा बाबा नुकतेच गाळ्यात आले होते, आणि तेव्हाच ते म्हणाले होते म्हणे, "हिचा बस्ता माझ्या गादीवर." गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. त्या दिवसापासून बाबा दुकानातून घरी येताना गुणगुणायला लागले. आणि त्याच सुमारास मला अक्कल सुचली.

कॉलेजात आम्हाला दुकानाची मांडणी असा एक भाग होता. रंग, उजेड, हवा, फिरायची जागा यांचा माणसाच्या मनावर परिणाम होतो, काम करणाऱ्याचा वेग वाढतो, गिऱ्हाईक जितका वेळ दुकानात थांबतं तितकी खरेदी करतं. हे शेवटचं वाक्य मी पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलं होतं. आता ते पान उघडलं की स्वतःचाच राग येतो. अख्खा दिवस थांबणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर गादीवर बसलेली होती आणि मी ते वाक्य घेऊन त्यांनाच उठवायला निघालो होतो.

मी बाबांना म्हणालो, "आत्याचे सोयरे येतील. दुकान पाहतील. आपलं दुकान अजून बाजारातल्या पालासारखं दिसते."

बाबांनी हातातली साडी घडी करून फळीवर ठेवली. मग म्हणाले, "तू म्हनतोस तर करू."

त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. आईनेही. पण आमच्या घरात मी काही म्हणालो की सगळे ऐकून घेतात, जणू डॉक्टरने सांगितलं आहे. मी चौथीत असताना वीजबिल वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून हे सुरू आहे. याचा आधी मला अभिमान वाटायचा.

भंडाऱ्याहून एक इंटिरिअरवाला आला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने टॅबवर दुकानाचं चित्र दाखवलं. काचेचं दार, पांढऱ्या टाइल्स, एका बाजूला लांब काउंटर, समोर तीन उंच गोल स्टुलं, भिंतभर आरसा, छतातून पडणारा पिवळा उजेड. चित्रात काउंटरपाशी गॉगल लावलेली, खांद्याला पर्स अडकवलेली एक बाई उभी होती.

आई वाकून पाहत म्हणाली, "हे बाई कोन होय?"

"कोणी नाही काकू, असंच टाकलंय," तो म्हणाला.

बाबा म्हणाले, "साकोलीत तं नाही दिसली कधी."

सगळे हसले. मीही हसलो. बाबा हसले नव्हते, हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा काम काढलं. गादी घरी आणून माळ्यावर टाकली. ती जिन्यात अडकली, आम्ही दोघांनी ढकलली, आणि वर गेल्यावर बाबांनी तिच्यावर जुनी चादर नीट पांघरली. दसऱ्याला नवं दुकान उघडलं. फोटो काढले. दोन दिवस मी फार खूश होतो. तिसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याने माझं डोकं फिरायची वेळ आली.

पहिलं म्हणजे दार. एसीसाठी दार बंद ठेवायचं, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. पण आमच्याकडे बंद दार म्हणजे बंद दुकान. एक म्हातारे शेतकरी समोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसून होते. मी बाहेर जाऊन विचारलं तर म्हणाले, "दुकान उघडाची वाट पाहून राहिलो ना बाबू."

"उघडंच आहे बाबाजी."

"मंग दार काहून लावलं?"

मी दारावर 'दुकान उघडे आहे' अशी पाटी लावली. बाबांनी त्याहून सोपा उपाय केला. दाराच्या फटीत अर्धी वीट ठेवली. एसी चालू, दार उघडं. मी वीट काढायचो, कॉलेजातून परत येईपर्यंत वीट पुन्हा जागेवर. महिनाभर हे चाललं. ती वीट मी एकदा मागच्या नाल्यात टाकली, तर दुसऱ्या दिवशी तिथे पूर्ण वीट होती.

मग चपला. जुन्या दुकानात चपला गादीच्या काठाशी, म्हणजे दुकानाच्या आतच निघायच्या. आता बायका काचेच्या दाराबाहेर, रस्त्यावर काढू लागल्या. पांढऱ्या टाइल्सवर पाय ठेवायला त्यांना जिवावर यायचं. मी पाटी लावली, 'चप्पल घालून आत यावे'. एका आजीने ती नातीकडून वाचून घेतली, आणि तरी चप्पल काढली. मी हात जोडून म्हणालो, "आजी, चालते चपलेनं."

"तुले चालत असन," त्या म्हणाल्या. "एवढं चकचकीत करून ठेवलं, माह्या पायाची माती कायले लावू त्याले?"

त्याच दिवशी कुत्र्याने त्यांची एक चप्पल नेली. त्यांनी काही घेतलंच नाही, चप्पल शोधण्यात वेळ गेला. बाबांनी स्वतःच्या चपला त्यांना दिल्या आणि अनवाणी घरी आले. मला इतका संताप आला, पण कोणावर काढायचा ते कळेना. कुत्र्यावर काढून काय होणार.

आणि तो पिवळा उजेड. इंटिरिअरवाला म्हणाला होता की त्यात कापड उठून दिसतं. दिसायचंही. पण दुकानात एक रंग दिसायचा आणि उन्हात दुसरा. राणी कलरची म्हणून नेलेली साडी दुसऱ्या दिवशी परत आली. बाई म्हणाली, "भाऊजी, घरी गेल्यावर वांगी निंगाली." बाबांना बायकांसमोर इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाचीच्या हळदीसाठी मामाकडची पिवळी साडी त्यांनी आधीच निवडून वेगळी ठेवली होती. त्या दिवशी दुपारी ती हातात घेऊन ते दाराबाहेर उन्हात गेले. ती पिवळी नव्हती, कच्च्या लिंबासारखी हिरवट होती. त्यांनी घडी केली, आत आले, फळीवर ठेवली आणि मला म्हणाले, "चहा सांग."

त्यांच्या पायांचं तर लिहायचंच राहिलं. पंचवीस वर्षं बसून धंदा केलेला माणूस काउंटरमागे दिवसभर उभा राहू लागला. संध्याकाळी पाय सुजायचे, आई तेल कोमट करून चोळायची. मी त्यांना तिथे बसायला खुर्ची दिली, तर खुर्चीवरून काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक दिसेना. फळ्यांना आता सरकत्या काचा होत्या, त्या अडकायच्या. पूर्वी बाबा मागे न पाहता हात घालून हवी ती साडी काढायचे. कुठली साडी कुठल्या थप्पीत कितवी, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. मी सगळ्या फळ्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, अक्षर मोठं काढलं. ते चष्मा लावून चिठ्ठ्या वाचत फिरायचे, स्वतःच्याच दुकानात नवीन लागल्यासारखे. काउंटरवर साडी फेकली तर पदर पलीकडे खाली जायचा. मग त्यांनी फेकणं सोडलं. घडीचा एक कोपरा वर करून दाखवू लागले. बायका कोपरा पाहायच्या, हो म्हणायच्या किंवा नाही म्हणायच्या, आणि जायच्या. कोणी ढिगातून ओढून 'हे बी राहू द्या' म्हणत नव्हतं, कारण ढीगच होत नव्हता.

दिवाळीनंतर, धान कापणी संपत आली तेव्हा, एका बुधवारी आत्या सोयऱ्यांना घेऊन आली. बस्त्याला नाही, नुसतं दुकान दाखवायला. आत्या, तिचे यजमान, भाची, मुलाचे आईवडील, मुलाची काकू आणि दोन पोरी. आठ माणसं. बाबांनी सकाळपासून दोनदा काच पुसली होती.

स्टुलं तीन. मान सोयऱ्यांचा, म्हणून आत्याच्या यजमानांनी मुलाच्या आईला बसायचा आग्रह केला. त्या स्टूलकडे पाहत राहिल्या. ते त्यांच्या कमरेएवढं होतं. व्याह्यांसमोर त्यावर चढायचं कसं? "राहू द्या, उभीच बरी आहो," त्या म्हणाल्या. त्या उभ्या म्हणून काकू उभी. त्या दोघी उभ्या म्हणून आत्या उभी. दोन्ही पोरी मात्र स्टुलांवर चढून गरगर फिरू लागल्या. मी टपरीवरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. पण काउंटर आणि आरशामधल्या जागेत त्या एका रांगेतच बसत होत्या. शेवटी सगळे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे एकामागे एक, एका बाजूला काउंटर, दुसऱ्या बाजूला आरसा. आत्याला मुलाच्या आईशी बोलायचं तर आरशात पाहून बोलावं लागत होतं.

"जेवन झालं का?" आत्याने आरशातल्या विहिणीला विचारलं.

"झालं ना. तुमचं?" आरशातून उत्तर आलं.

बाबांनी काउंटरवर दोन साड्यांचे कोपरे दाखवले. मागच्या खुर्चीवरून काकू म्हणाली, "दिसून नाही राहिलं जी."

मुलाचे वडील गोसीखुर्दकडचे. जुनं गाव धरणात गेल्यावर त्यांनी नव्या गावठाणात प्लॉटवर घर बांधलेलं. ते उठून दुकानभर फिरले, काचेला हात लावून पाहिला, एसीखाली थांबले. मला म्हणाले, "नकाशा तुमचा का?"

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू.

"चांगला आहे," ते म्हणाले. "आमच्या घराचा बी पोरानं मोबाईलात पाहून काढला. हॉल आहे, किचन आहे, आत संडास आहे. सगळं आहे. पन संध्याकाळी चार मानसं आले तं बसाले ओसरी नाही. आता मानसंच येत नाही. मी एकटाच टीव्ही पायतो." मग जरा हसून म्हणाले, "पोराले बोललो नाही गा अजून. वाईट वाटन त्याले."

कागदी कपात चहा झाला. सगळे पाऊण तासही थांबले नाहीत. निघताना आत्या दारात थबकली. विटेकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. म्हणाली, "सांगीन मंग दादा, बस्त्याचं."

तिने सांगितलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. लग्नाची तारीख जवळ येत होती. बाबा फोन करेनात. बहिणीला आपण होऊन बस्त्याचं विचारणं म्हणजे गिऱ्हाईक मागणं, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, मी विचारते. बाबा म्हणायचे, नोको. फोन वाजला की ते आधी नाव पाहायचे आणि मग नेहमीच्या आवाजात हॅलो म्हणायचे. एका गिऱ्हाइकाने सहज सांगितलं की मुलाकडची माणसं भंडाऱ्याला एका मोठ्या दुकानापाशी दिसली. बाबा म्हणाले, "असन काही काम." त्या दिवशी त्यांनी वीट ठेवली नाही. दार बंदच राहिलं आणि दुपारपर्यंत एकही माणूस आत आला नाही.

मला ते सहन होईना. मी सुताराला बोलावून आणलं, म्हटलं काउंटर काढायचा, आजच्या आज. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

"केलं ना आता," ते म्हणाले. "पुन्हा कायले तोडफोड."

मग मात्र मी ओरडलो. बाबांवर मी कधी ओरडलो नव्हतो. "तेव्हाच 'नको' काहून म्हटलं नाही तुम्ही? गादी काढू नको म्हणाले असते तर मी काढली असती का? तुम्हाला दिसत होतं सगळं. त्या चित्रातल्या बाईला पाहूनच तुम्हाला कळलं होतं."

बाबा काउंटरवरची साडी घडी करत राहिले. घडी जुळेना, त्यांनी पुन्हा उलगडली.

"तू शिकून आला होता बाबू," ते म्हणाले. "मी सातवी. मले वाटलं, मलेच समजून नाही राहिलं."

मी एसी बंद केला आणि कोपऱ्यातली वीट आणून दारात ठेवली. एवढंच सुचलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी, कॉलेजात दुसरा तास सुटल्यावर, आत्याचा फोन आला. बाबांना नाही, मला. मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उचलला.

"बाबू, दादा जवळ आहे का?" तिने आधी विचारलं. मी नाही म्हणालो, तेव्हा तिने श्वास सोडला. "मंग आयक. मले दादाले सांगाची हिंमत होऊन नाही राहिली म्हनून तुले सांगून राहिली. बस्ता ठरला."

मी विचारलं, "भंडाऱ्याले?"

"भंडाऱ्याले ते लायटिंगवाल्याकडं गेले होते बावा, तू बी ना. बस्ता इथं, करडीले, येत्या इतवारी. सोयरे म्हनते का दुकानात उभं राहाले नाही जमत, पन कापड मामाकडचंच पायजे. माह्या ओसरीवर बसू म्हनते सगळे, दोन्हीकडचे वीस मानसं होतीन. दादाले म्हन, गठ्ठे बांधून आन, सायकलीवर आनत होता तसे. आता टेम्पोत आन म्हन. अन ते गादी तुमच्या माळ्यावर आहे ना अजून? ते बी घेऊन या. तू बी ये बाबू, तुह्याबिना कसं होईन. पिवळी साडी मातर मी उन्हात पाहूनच घेईन, हे आताच सांगून ठेवते."